इंग्लिशमधला ‘टाइम’ फ्रेंचमधे कसा न्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फ्रेंचच्या शिकवण्या घेते, मधेमधे भाषांतराची कामं पण करते. दर बॅचला, दर वर्षी, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सॅपवर, हा ‘टाइम’ काही माझी पाठ सोडत नाही. म्हणून आलेले प्रश्न एकदाचे एका जागी लिहून काढलेत. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिलेत तर उच्चार जवळपासचेच समजा, नाकातले स्वर आणि तो घशातला र कागदावर उतरत नाही, तो ऐकूनच शिकायचा.

१. मॅडम, टाइमला फ्रेंचमधे कुठलाही एक शब्द सांगा ना, पाठ करून टाकते.

एक नाहीये. तां, अर, फ्वा, मोमां, एपोक एवढे तर रोजचे, आणि ऑफिसात शिरलात की देले, द्युरे, ओरेर पण येतात. काही वाक्यांत तर टाइमसाठी शब्दच येत नाही, अख्खं वाक्य बदलतं (प्रश्न ९ बघा). पण घाबरू नका, पहिले तीन पक्के केले की रोजचं निभतं. ‘तां’ म्हणजे हाताशी असलेला, पुरणारा, न पुरणारा, वाया जाणारा वेळ. ‘अर’ म्हणजे घड्याळातली वेळ, आणि तास सुद्धा. ‘फ्वा’ म्हणजे खेप, ‘तीन वेळा सांगितलं तुला’ मधलं ‘वेळा’.

२. पण वाक्यात टाइम आला की यातला कुठला घ्यायचा हे पटकन कसं कळणार?

इंग्लिश बाजूला ठेवा आणि तेच वाक्य आधी मराठीत म्हणा. खरंच सांगते, निम्मं काम तिथेच होतं, कारण इंग्लिशने जे एका पोत्यात भरलंय ते मराठीने आधीच वेगळं करून ठेवलंय आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसतो.

बघा, आपला ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘माझा सगळा वेळ रांगेत गेला’, इथे तो वेळ. ‘औषध घ्यायची वेळ झाली’, इथे ती वेळ. हे आपल्याला शाळेत कुणी समजावून सांगितलेलं नसतं, तरी चार वर्षांचं पोरगंही ‘जेवायचा वेळ झाला’ म्हणत नाही. ‘तो वेळ’ म्हणजे मापायचा, लागणारा, खर्च होणारा. ‘ती वेळ’ म्हणजे ठरलेला क्षण, प्रसंग, घड्याळातला आकडा. प्रत्यय लागला तरी फरक दिसतो, ‘थोड्या वेळाने’, ‘कमी वेळात’ हा तो वेळ, आणि ‘वेळेवर’, ‘वेळेआधी’, ‘त्या वेळी’ ही ती वेळ.

आता फ्रेंचकडे या. तो वेळ असेल तर जवळजवळ डोळे झाकून ‘तां’ लिहा, आणि गंमत म्हणजे फ्रेंचमधेही तो पुल्लिंगीच आहे, ‘ल तां’. ती वेळ असेल तर बहुतेकदा ‘अर’ किंवा ‘फ्वा’, आणि हे दोन्ही फ्रेंचमधे स्त्रीलिंगी. हा निव्वळ योगायोग आहे, पण माझ्या शिकवणीतली अर्धी मुलं या योगायोगावरच पास होतात. अनेकवचनात ‘वेळा’ आलं आणि मागे आकडा असेल, दोन वेळा, दहा वेळा, तर नक्की ‘फ्वा’. आकडा नसेल आणि ‘गाडीच्या वेळा’, ‘दवाखान्याच्या वेळा’ असं काही असेल तर ‘ओरेर’.

अपवाद आहेतच. ‘वेळेत’ फसवतो (प्रश्न ७), ‘आमच्या वेळी’ फसवतो (प्रश्न ११), आणि ऑफिसमधला वेळ वेगळाच फसवतो (प्रश्न १५).

३. ‘किती वाजले’ विचारायला ‘केल तां एतिल’ म्हटलं तर चालेल ना? समोरच्याला कळेल की.

कळेल, पण वेगळंच काहीतरी. ‘तां’चा अजून एक अर्थ हवामान. ‘केल तां फेतिल?’ म्हणजे आज हवा कशी आहे. आता तुम्ही ‘केल तां’ एवढं म्हणालात की ऐकणाऱ्याच्या डोक्यात हवाच येणार.

माझी एक विद्यार्थिनी इंटर्नशिपला लिओंला गेली होती, पार-दिय स्टेशनच्या बाहेर मोबाइलची बॅटरी गेलेली, ट्राम पकडायची होती, तिने शेजारच्या आजींना अगदी आत्मविश्वासाने विचारलं ‘केल तां एतिल?’ आजींनी मान वर करून आकाशाकडे बघितलं, हसून म्हणाल्या ‘इल फे बो’, म्हणजे छान हवा पडलीये. आणि आपल्या वाटेने निघून गेल्या. ट्राम पण गेली.

बरोबर प्रश्न ‘केलर एतिल?’ रस्त्यात अनोळखी माणसाला विचारायचं तर ‘वू झावे लर, सिल वू प्ले?’ जास्त सहज वाटतं. इथे परत सांभाळा, ‘वू झावे ल तां?’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘तुम्हाला वेळ आहे का?’ अनोळखी माणूस एक पाऊल मागे सरकेल.

४. सव्वा, साडे, पावणे याला फ्रेंचमधे काही आहे का, की सरळ आकडे बोलायचे?

आहे, आणि इंग्लिशपेक्षा आपल्या पद्धतीने बघितलं तर लवकर बसतं. पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी, फ्रेंचमधे ‘कात्रर म्वँ ल कार’, म्हणजे शब्दशः चार उणे पाव. सव्वातीन ‘त्र्वा झर ए कार’, साडेतीन ‘त्र्वा झर ए दमी’. दीड आणि अडीचला मात्र वेगळे शब्द नाहीत, ‘एक आणि अर्धा’, ‘दोन आणि अर्धा’ असंच म्हणायचं. दुपारचे साडेबारा म्हणजे ‘मिदी ए दमी’, आणि इथे लिहिताना दमीच्या शेवटचा ई गळतो कारण मिदी पुल्लिंगी आहे, अर स्त्रीलिंगी. डिक्टेशनला हा ई हमखास कुणाचातरी मार्क खातो.

रेल्वे, डॉक्टरची अपॉइंटमेंट, ऑफिस या ठिकाणी चोवीस तासांचं घड्याळ चालतं, ‘कँझर त्रांत’ म्हणजे साडेतीन दुपारचे. तिथे साडे-पावणे चालत नाही, सरळ आकडे.

आणि एक महत्त्वाचं, ‘त्र्वा झर’ म्हणजे तीन वाजले पण आणि तीन तास पण. पुढचा-मागचा शब्द बघूनच कळतं. ‘आ त्र्वा झर’ म्हणजे तीन वाजता, ‘पांदां त्र्वा झर’ म्हणजे तीन तास चालू होतं, ‘दां त्र्वा झर’ म्हणजे अजून तीन तासांनी. ‘दां’ आणि ‘आ’ मधली गडबड म्हणजे सरळ मीटिंग चुकणं.

५. अरच्या स्पेलिंगमधे सुरुवातीला एच आहे, तो कुठे जातो?

मुका आहे. म्हणूनच ‘ल अर’ न होता ‘लर’ होतं आणि मागच्या आकड्याचं शेवटचं अक्षर त्याला येऊन चिकटतं, द झर, सी झर, दी झर. नऊ वाजले हा विशेष, तिथे एफचा व होतो, ‘नवर’. ‘नफर’ म्हणू नका.

जाता जाता, आपल्या ज्योतिषातला ‘होरा’ आणि हा ‘अर’ चुलत भावंडं आहेत. दोन्ही मुळात ग्रीक शब्दापासून आलेत, एक संस्कृतमार्गे पंचांगात आला आणि एक लॅटिनमार्गे पॅरिसला गेला. आपल्याकडे आलेल्याचा ह टिकला, तिकडच्याचा नुसता स्पेलिंगपुरता उरला.

६. ‘फ्वा’ कधी कधी वापरायचा? आणि फ्वा म्हणजे लिव्हर ना?

लिव्हर पण, श्रद्धा पण, खेप पण. तिन्हींचा उच्चार एकच, स्पेलिंग वेगळी. वर दक्षिणेत पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी फ्वा नावाचं गावही आहे, तेव्हा कान टवकारण्यापेक्षा वाक्य बघा.

खेपेच्या अर्थाने तो मोजता येणाऱ्या प्रत्येक ठिकाणी येतो. दिवसातून तीनदा म्हणजे ‘त्र्वा फ्वा पार झूर’, औषधाच्या चिठ्ठीवर हेच दिसेल. या वेळी ‘सेत फ्वा’, मागच्या वेळी ‘ला देर्न्येर फ्वा’, पुढच्या वेळी ‘ला प्रोशेन फ्वा’. दर वेळी ‘शाक फ्वा’, आणि त्यात शाक एकवचनी आहे, मागे ‘ला’ लावायचा मोह आवरा. कधीकधी म्हणजे ‘पारफ्वा’ किंवा ‘केलकफ्वा’, दोन्हींच्या पोटात हाच फ्वा बसलाय. गोष्टीची सुरुवात ‘इल एते युन फ्वा’, म्हणजे आपलं आटपाट नगर होतं.

पाढ्यातही तोच. तीन चोक बारा हे फ्रेंच पोरं ‘त्र्वा फ्वा कात्र, दूझ’ असं घोकतात. आणि पट सांगायलाही तोच, दीडपट म्हणजे ‘युन फ्वा ए दमी’. आता यातली खरी अडचण, ‘द फ्वा म्वँ शेर’. शब्दशः ‘दोन वेळा कमी महाग’, जे आपल्या डोक्यात जातच नाही. अर्थ सरळ आहे, निम्म्या किमतीत. ‘त्र्वा फ्वा म्वँ’ म्हणजे एक तृतीयांश. सेलच्या पाटीवर हे दिसलं तर उलटं गणित करून दुकानाबाहेर पडू नका.

आणि ‘आ ला फ्वा’ हा वेगळा प्राणी, त्याचा अर्थ एकाच वेळी, एकदम. ‘दोन्ही एकदम करू नकोस’ यातलं एकदम.

७. ऑन टाइम आणि इन टाइम दोन्हीला ‘आ लर’ लिहिलं, सरांनी एक चूक दिली. का?

कारण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आ लर’ म्हणजे ठरलेल्या ठोक्याला, वेळेवर. गाडी आ लर आली, म्हणजे १० वाजून ५ची गाडी १० वाजून ५ला आली. ‘आ तां’ म्हणजे उशीर व्हायच्या आत, वेळेत. आग लागली आणि बंब आ तां पोचला, तिथे कुणी वेळ ठरवून आग लावलेली नसते.

इथेच प्रश्न २ मधली युक्ती तोंडघशी पडते, कारण ‘वेळेत’ आपल्याकडे ‘ती वेळ’ आहे आणि फ्रेंचमधे मात्र तां येतो. पाठ करा, वेळेवर अर, वेळेत तां. डेडलाइनच्या आत या अर्थाने वेळेत असेल तर तिसराच शब्द, तो प्रश्न १६ मधे आहे.

अजून एक, ‘सां किलोमेत्र आ लर’ म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. शब्द तेच, वेळेवर येण्याशी काही संबंध नाही. आणि घड्याळ ‘आ लर’ असेल तर ते बरोबर वेळ दाखवतंय.

८. स्पेंड टाइमला ‘देपांसे ल तां’ बरोबर का?

नाही. देपांसे हे पैशासाठी. वेळेसाठी ‘पासे द्यु तां’, आपल्या ‘वेळ घालवणे’ सारखं. वाया घालवला तर ‘पेर्द्र’, वाचवला तर ‘गान्ये’, म्हणजे चक्क जिंकला. सावकाश घ्या म्हणायचं तर ‘प्रने व्होत्र तां’.

९. हॅव अ गुड टाइमचं काय? ‘बों तां’ लिहिलं तर?

इथे तां नको. ‘मजा आली’ असं मराठीत म्हणा आणि मजेचंच भाषांतर करा, ‘ओं से ब्यँ नामुझे’. थोडं शांत, घरगुती, ‘छान गेला वेळ’ असं असेल तर ‘पासे अँ बों मोमां’. मराठीतही आपण ‘आमचा चांगला वेळ होता’ म्हणत नाही, म्हणजे खरं तर म्हणायला लागलोय हल्ली, पण नका म्हणू.

१०. हवामान आणि वेळ, दोन्हीला एकच शब्द कसा काय? विचित्र नाही का?

मला पण सुरुवातीला वाटायचं. मग एकदा जूनमधे वर्गात खिडकीतून पाऊस आत येत होता आणि एका मुलाने विचारलं, ‘मग पावसाळ्याला काय म्हणतात?’ आणि फळ्यावर पावसाळा लिहिताना माझंच मला दिसलं. पावसाळा, उन्हाळा, हिवाळा, तिन्हींच्या शेवटी झिजलेला ‘काळ’च आहे की. हिमकाळचा हिवाळा झाला, उष्णकाळचा उन्हाळा. आपणही हवा काळानेच मोजतो, फक्त शब्द इतका घासलाय की दिसत नाही.

व्याकरणातला काळ पण फ्रेंचमधे तांच, वर्तमानकाळ, भूतकाळ सगळे तां. तिथे मराठी आणि फ्रेंच एका बाजूला, आणि इंग्लिश एकटं टेन्समधे बसलेलं. संगीतातला ठेका पण तां, आणि स्कूटरचं फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे ‘कात्र तां’चं इंजिन. एवढं मात्र लक्षात ठेवा की या शब्दाच्या स्पेलिंगमधे शेवटी पी आणि एस आहेत, दोन्ही मुके, आणि अनेकवचनातही स्पेलिंग तसंच राहतं. फ्वाचा एस पण तसाच, एकवचनात सुद्धा असतो, तो काढू नका, काढलात तर श्रद्धा होते.

११. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे फ्रेंचमधे कसं म्हणायचं?

‘द मों तां’, आणि स्वर तोच, तक्रारीचा, आजोबांचा. मराठीत ‘वेळी’ असूनही इथे तां येतो कारण अर्थ जमाना असा आहे. जरा तटस्थपणे ‘तेव्हा, त्या काळात’ म्हणायचं असेल तर ‘आ लेपोक’. ‘नेमकी त्या वेळी बेल वाजली’ असं असेल, म्हणजे क्षण असेल, तर ‘आ स मोमां ला’. थोडक्यात काळ म्हणता येत असेल तर तां किंवा एपोक, क्षण म्हणता येत असेल तर मोमां.

१२. इट्स टाइम टू गो. से लर, इल ए तां, से ल मोमां. तिन्ही सापडले गुगलवर, बरोबर कुठलं?

तिन्ही बरोबर, प्रसंग वेगळे. ‘से लर’ म्हणजे घड्याळाने सांगितलं, शाळा सुटायची वेळ झाली, पेपर गोळा करा. ‘इल ए तां द पार्तीर’ म्हणजे आता निघायला हवं, फार झालं, यात जरासा धक्का आहे. ‘से ल मोमां’ म्हणजे हीच योग्य संधी, भाव पडलेत, आत्ता घर घ्या.

यात व्याकरणाची एक खोच आहे. ‘इल ए तां’ पुढे ‘द’ आला तर साधं क्रियापद, पण ‘क’ आणि दुसरा माणूस आला की सब्जाँक्टिफ, ‘इल ए तां क त्यु पार्त’, तू निघायला हवंस आता. आपल्या ‘निघायला हवंस’ मधे जी इच्छा-आग्रहाची छटा आहे तीच तिकडे क्रियापदाच्या रूपात जाते.

आणि ‘इल एते तां!’ भूतकाळात म्हटलं की टोमणा. दोन तास उशिरा आलेल्या मित्राला आपण म्हणतो ना, ‘लागला का मुहूर्त एकदाचा!’, अगदी तेच. ‘से पा त्रो तो’ पण चालतं, म्हणजे फार लवकर नाही आलास.

१३. बाय द टाइम ला तर काहीच सापडत नाही.

‘ल तां क’, आणि पुढे परत सब्जाँक्टिफ. ‘मी पोचेपर्यंत तो गेला होता’ याला ‘ल तां क झारीव, इल एते पार्ती’. मराठीतला ‘-पर्यंत’ आला की हे आठवा. ज्यांना सब्जाँक्टिफची भीती वाटते त्यांनी सरळ ‘मी पोचलो तेव्हा तो आधीच गेला होता’ असं मोडून लिहा, कुणी तुरुंगात टाकत नाही.

१४. ‘तूतालर’ म्हणजे मघाशी की थोड्या वेळाने? दोन पुस्तकांत दोन अर्थ दिलेत.

दोन्ही. आपला ‘आत्ता’ घ्या, ‘आत्ता येऊन गेला’ आणि ‘आत्ता येतो’, तसंच आहे हे. क्रियापदाच्या काळावरून कळतं. निरोप घेताना ‘आ तूतालर’ म्हटलं तर थोड्या वेळात भेटू, आजच. उद्या भेटणार असाल तर म्हणू नका, समोरचा वाट बघत बसेल.

अर असलेले असे अजून वाक्प्रचार आहेत, ‘द बोनर’ म्हणजे लवकर, भल्या सकाळी. हा ऐकायला अगदी ‘आनंद’ या अर्थाच्या बोनरसारखाच लागतो, पण त्या आनंदातल्या अरचा घड्याळाशी काही संबंध नाही, तो शकुन या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलाय.

१५. मी लोकलायझेशनमधे आहे, म्हणजे सॉफ्टवेअर आणि वेबसाइट दुसऱ्या भाषेत नेण्याचं काम. एक्सेलमधे एका सेलमधे नुसतं ‘टाइम’ असतं, पुढेमागे काही नाही. काय लिहू?

काहीच लिहू नका, आधी विचारा. हा प्रश्न मला आयटीवाल्यांकडून सगळ्यात जास्त येतो आणि हा खरोखरच अवघड आहे, कारण वाक्यच नाही तर मराठीत म्हणून तरी काय बघणार. क्लायंटकडे स्क्रीनशॉट मागा. तो देत नसेल तर निदान त्या खान्यात काय भरलं जाणार ते विचारा. १०:३० येणार असेल तर ‘अर’. ४५ मिनिटं येणार असेल तर ‘द्युरे’, म्हणजे कालावधी. धावण्याच्या शर्यतीचा आकडा असेल तर ‘तां’. सिनेमाच्या खेळांची यादी असेल तर ‘ओरेर’.

जोडशब्दांत नेहमीचे ठरलेले आहेत. रेसिपीतला कुकिंग टाइम ‘तां द क्विसों’. रिअल टाइम ‘तां रेएल’. टाइमस्टॅम्प म्हणजे ‘ओरोदाताझ’, हा शब्द ऐकून सगळे हसतात पण तोच आहे. टाइम झोन ‘फ्युझो ओरेर’. आणि डिलिव्हरी टाइमचे दोन, किती दिवस लागतील असं असेल तर ‘देले द लिव्रेझों’, किती वाजता येईल असं असेल तर ‘अर द लिव्रेझों’. मी स्वतः एकदा एका फर्निचरच्या साइटवर याची अदलाबदल केली होती, ‘अर द लिव्रेझों’ आणि समोर ‘६’. सहा आठवडे होते ते. लोकांनी संध्याकाळी सहाला वाट बघितली.

मशीनला टाकायचं असेल तरी हेच, पूर्ण वाक्य द्या, सुटा शब्द दिलात की ते बहुतेक तां देऊन मोकळं होतं.

१६. देले म्हणजे डीले ना? आणि टाइमटेबल, पार्ट टाइम, ओव्हरटाइम?

देले म्हणजे डीले नाही, दिसायला सारखा आहे म्हणून फसतात. देले म्हणजे मिळालेली मुदत. उशीर म्हणजे ‘रतार’. ‘दां ले देले’ म्हणजे मुदतीत, आणि प्रश्न ७ मधला राहिलेला ‘वेळेत’ तो हाच. क्लायंटला ‘देले झाला’ असं लिहिलंत तर तो म्हणेल, मुदत झाली म्हणजे काय झालं?

शाळेचं टाइमटेबल ‘आंप्लवा द्यु तां’, गाड्यांचं ‘ओरेर’. अर्धवेळ काम ‘मी-तां’, आणि इथे लिंग सांभाळा, ‘ल मी-तां’ म्हणजे अर्धवेळ नोकरी, ‘ला मी-तां’ म्हणजे फुटबॉलचा हाफ टाइम. ओव्हरटाइम फ्रान्समधे ‘अर स्युप्लेमांतेर’, जादा तास, कारण तिथे कायद्याने आठवड्याचे ३५ तास धरलेत आणि त्यावरचे मोजले जातात. मॉन्त्रियालला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लोक सर्रास ‘तां स्युप्लेमांतेर’ म्हणतात. ऐकून समजा, परीक्षेत मात्र फ्रान्सवालं लिहा. तिकडेच ‘तां दे फेत’ पण ऐकाल, म्हणजे नाताळ-नववर्षाचा सणांचा हंगाम.

१७. घड्याळाला अर म्हणायचं तर मग युटीसीला, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेला (कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम), ‘तां युनिवेर्सेल’ का म्हणतात? तो पण घड्याळातलाच टाइम आहे.

छान प्रश्न. अर म्हणजे घड्याळात वाचलेला आकडा. तां म्हणजे तो आकडा ज्या मापाच्या पद्धतीतून येतो ती पद्धत. शास्त्रज्ञांचा टाइम म्हणून तां. युटीसी हे अक्षरांचं विचित्र कडबोळंही त्यातूनच झालंय, इंग्लिश क्रमाने सीयुटी व्हायला हवं होतं, फ्रेंच क्रमाने टीयुसी, शेवटी कुणाचंच नाही असं युटीसी ठरलं.

दोन्ही शब्द शेजारी शेजारी बघायचे तर ९ मार्च १९११चा फ्रान्सचा कायदा. त्यात म्हटलंय की देशाची ‘अर लेगाल’, म्हणजे कायद्याची वेळ, ही पॅरिसचा ‘तां म्वायँ’, म्हणजे सरासरी वेळ, घेऊन तो ९ मिनिटं २१ सेकंद मागे केला की येते ती. आता पॅरिस ९ मिनिटं २१ सेकंद मागे म्हणजे दुसरं काही नाही, ग्रिनिच, इंग्रजांची वेळ. पण तोंडाने ग्रिनिच म्हणायचं नाही, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसं. आपण हसायला नको, भारताची प्रमाणवेळ १९०६ला आली तरी मुंबईत १९५५पर्यंत ३९ मिनिटं मागे असलेला स्वतंत्र बाँबे टाइम धरून बसलेले लोक होते.

घरी फोन करणाऱ्यांसाठी, दोन देशांतल्या फरकाला ‘देकालाझ ओरेर’ म्हणतात, जेट लॅगलाही तेच. फ्रान्स आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आईला आधी सांगून ठेवा.

१८. लोंतां, तू ल तां, द तां झां तां, आं मेम तां... हे सगळं पाठच करायचं?

हो, इलाज नाही. खूप दिवस, सारखं, अधूनमधून, त्याच वेळी, असे अनुक्रमे अर्थ. यातला ‘लोंतां’ एकच शब्द आहे, तोडून लिहू नका. पण हे पाठ करताना एक बरं आहे, चारही ठिकाणी तांच आहे, निवडायचं काही नाही.

१९. शेवटचं, हे करून द्या प्लीज, मैत्रिणीला पाठवायचंय: ‘धिस टाइम वी हॅड अ ग्रेट टाइम बट देअर वॉझंट इनफ टाइम, नेक्स्ट टाइम कम ऑन टाइम.’

हे तुम्ही मुद्दाम केलंत ना? आधी मराठीत, ‘या वेळी जाम मजा आली पण वेळ कमी पडला, पुढच्या वेळी वेळेवर ये.’ बघा, दुसरा टाइम मराठीतच गळाला. आता फ्रेंच: ‘सेत फ्वा ओं से ब्यँ नामुझे, मे ओ ना मांके द तां, ला प्रोशेन फ्वा व्यँ आ लर.’ पाच टाइममधून दोन फ्वा, एक तां, एक अर, आणि एक मजेत विरघळला. मैत्रिणीऐवजी घरमालकीणबाईंना पाठवणार असाल तर ‘व्यँ’च्या जागी ‘व्हने’ करा, आणि खरं तर वेळेवर या हे घरमालकीणबाईंना लिहूच नका.